बलुत्यापासून आरसी बुकापर्यंत : कृष्णाकाठच्या अवजारांची मालकी आणि निगा

तत्त्वज्ञानाच्या माणसाने ट्रॅक्टरवर काय बोलायचं, असा प्रश्न संयोजकांनी आम्हाला विचारला नाही, हा त्यांचा मोठेपणा. घरच्यांनी मात्र विचारला. तेव्हा सुरुवात घरातूनच करतो.

आमच्या घरात सध्या दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एक सातबारा. वाळवा तालुक्यातली नऊ एकर जमीन, आणि आता वाटण्या होऊन, वारस लागून तिच्यावर एकूण अकरा नावं आहेत. दुसरा कागद म्हणजे ट्रॅक्टरचं आरसी बुक. त्यावर नाव एकच, आमच्या थोरल्या बंधूंचं, आणि ते दीड वर्षापूर्वी वारले. जमिनीला अकरा मालक असलेले सरकारला चालतात. इंजिनाला एकच लागतो. जमीन फुटांनी, आण्यांनी, हिश्श्यांनी वाटता येते. ट्रॅक्टरचं पुढचं चाक तुला आणि मागचं मला, असं करता येत नाही. मग एकत्र कुटुंबात, किंवा तुटलेल्या पण बांधाला बांध लागून राहिलेल्या कुटुंबात, ट्रॅक्टर कुणाचा असतो?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तो दीडशे वर्षं तरी वेगवेगळ्या रूपांत विचारला गेलेला आहे. दोन जिल्ह्यांची नावं आम्ही एका दमात घेतो त्याला कारण आहे. १९४९ पर्यंत हा बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या संस्थानांत विभागलेला होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत 'जिल्ह्याला जायचं' म्हणजे साताऱ्यालाच जायचं, असं होतं.

आधी लाकडी नांगर घेऊ. बाभळीचं खोड, त्याला हाळीस, वर रुमणं, खाली लोखंडाचा फाळ. यात बाजारातून आणायची वस्तू जवळजवळ नाहीच. लाकूड बांधावरचं, घडवणारा सुतार गावातला, फाळ शेवटणारा लोहार गावातला. आणि त्यांना पैसे द्यायचे नाहीत. सुगीला खळ्यावर ते यायचे आणि ठरलेल्या पेंढ्या, ठरलेलं धान्य घेऊन जायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या बलुत्याच्या व्यवस्थेचं जे चित्र आहे ते आजही कुणी वाचावं. आम्ही एवढंच म्हणतो की बलुतं हे नांगराच्या किमतीपोटी नव्हतं. ते वर्षभराच्या दुरुस्तीपोटी होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर अवजार फुकट आणि देखभालीचा करार कायमचा. शेतकरी नांगराचा मालक होता हे खरं, पण ती मालकी लोहाराच्या भात्याशेजारी बसून टिकत होती. फाळ बोथट झाला की भल्या पहाटे भट्टीपाशी नंबर लावायचा, तासाभरात धार घेऊन शेतात.

आता लगेच कुणी म्हणेल, किती छान होतं ते. छान नव्हतं. तो करार दोन माणसांतला नव्हता, दोन जातींतला होता. लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचं, आणि धान्य कमी पडलं तरी भांडायला जागा नाही. दुष्काळात शेतकऱ्याचं खळं रिकामं राहिलं तर बलुतेदाराचं पोट आधी रिकामं. हे विसरून जे लोक गावगाड्याच्या आठवणी काढतात, त्यांनी खळ्यावर कोण कुठे उभं राहायचं हेही आठवावं. हा मुद्दा पुढे आमच्याच अंगणात परत येणार आहे, म्हणून आत्ता नोंदवून ठेवतो.

आता १९०३ मध्ये येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला सायकलीचं दुकान चालवणारा माणूस. त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला. नांगर खपेना. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हीही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. शाळेत ती अशी सांगतात की शहाणा कारखानदार आणि अडाणी शेतकरी.

आम्हाला ती गोष्ट अशी वाचायला कधीच पटली नाही. आमचा तर्क असा आहे, आणि तो तर्कच आहे. जमीन विषारी होईल हे तोंडावर सांगायचं कारण होतं. मनातला प्रश्न वेगळा असणार. हा ओतीव लोखंडाचा तुकडा मोडला तर तो जोडणार कोण? ओतीव लोखंड गावातल्या भट्टीत घडत नाही. ते तापवून ठोकायला गेलं की तडकतं. म्हणजे ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्तीसाठी धान्य दिलं, तो या नांगरापुढे हतबल. दुरुस्ती गावाच्या वेशीबाहेर गेली. शेतकऱ्याला हे कळत होतं, आणि यात अडाणीपणा काहीही नाही.

किर्लोस्करांनाही ते कळलं, हे त्यांचं खरं मोठेपण. नांगराचा जो भाग झिजतो तो बोल्ट काढून बदलता आला पाहिजे आणि तो सुटा भाग मिळाला पाहिजे, तरच नांगर विकला जातो. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांना जागा दिली, आणि मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज ती पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात येते. रेल्वेचं स्टेशन जवळ असणं हे कारखान्याला जितकं महत्त्वाचं तितकंच नांगराच्या फाळालाही. फाळ पार्सलने जाऊ लागला. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली. पुढे तिचं जे 'किर्लोस्कर' मासिक झालं त्याने मराठी मध्यमवर्गाला काय काय दिलं हे साहित्याच्या इतिहासात आहे. पण ती जन्मली ती कारखान्याचं पत्रक म्हणून, अवजारं वापरणाऱ्यांशी बोलत राहण्यासाठी. मराठीतल्या एका मोठ्या मासिकाचं मूळ नांगराच्या कारखान्यात आहे, हे आम्ही वर्गात सांगायचो तेव्हा पोरं हसायची. हसण्यासारखं काही नाही त्यात.

लोखंडी नांगराने दुसरी एक गोष्ट केली. तो खोल जातो, हरळी आणि कुंदा मुळासकट काढतो, म्हणून काळ्या रानाला तो हवाच होता. पण मोठा नांगर ओढायला चार, सहा, कधी आठ बैल लागत. एका घरात आठ बैल कुठून यायचे? म्हणून इर्जिक. आज तुझ्या रानात सगळ्यांची बैलं, उद्या माझ्या रानात. ज्याच्या रानात औतं, त्याच्या घरी जेवण. लहान प्रमाणावर तोच पैरा: तुझा एक बैल, माझा एक बैल, मिळून एक औत. म्हणजे बघा, नांगर एकाचा, बैल चौघांचे, रान पाचव्याचं. खाजगी मालकी आणि सामाईक वापर यांची सांगड घालायला कुठलाही कायदा लागला नव्हता. लागत होती ती आठवण. कुणी कुणाकडे किती दिवस बैल पाठवले, हे बायकांच्या तर नेमकं लक्षात असे.

त्याच काळात दुसरीकडे जमीन लहान होत होती. पुण्याच्या शेती महाविद्यालयातले हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. त्यात १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलेली दिसते. ते गाव आमच्या पट्ट्यातलं नाही, पण कथा तीच. राज्यपातळीवर कृषिगणनेचे आकडे आहेत: १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणा ४.२८ हेक्टर, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला, पण भावाभावांच्या तोंडी वाटण्या कायदा विचारून होत नाहीत. बांध पडत गेले.

अशा वेळी मोठा ट्रॅक्टर आला. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा. १९६३ मध्ये महिंद्रांनी मुंबईत इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने सुरुवात केली. १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीचा झेटर, १९७४ मध्ये दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत जन्मलेला आणि पंजाबात तयार झालेला स्वराज. त्या काळात ट्रॅक्टरला नंबर लावावा लागे. कर्जाला ठराविक एकर बागायत दाखवावी लागे. म्हणजे आमच्याकडे तो कुणाकडे आला? कारखान्याच्या संचालकाकडे, मोठ्या बागायतदाराकडे. बाकीच्यांनी तो तासावर घेतला. आमच्या वडिलांनी हयातभर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने नांगरलं आणि दर वर्षी त्यांची एकच तक्रार असायची: वाफसा येतो तेव्हा ट्रॅक्टर येत नाही, आणि ट्रॅक्टर येतो तेव्हा वाफसा गेलेला असतो. वाफसा म्हणजे जमिनीत नेमकी मशागतीजोगी ओल. ती दोन-तीन दिवस टिकते. ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या रानात जाणार, कारण तिथे वळायला कमी लागतं आणि तास भरतो. अर्ध्या एकराच्या तुकड्यात त्याचा निम्मा वेळ वळण्यातच जातो.

इर्जिक मोडली ती याच वर्षांत. बैल कमी झाले. का झाले? लोक म्हणतात, ट्रॅक्टरमुळे. अर्धं खरं. दुसरं अर्धं असं की बैलाला काम नसतानाही खायला लागतं. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत १९७२ ला काय झालं आणि २०१२-१३ मध्ये चारा छावण्यांत जनावरं घेऊन माणसं महिनोन्‌महिने कशी राहिली, हे पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर उभा असला की डिझेल पीत नाही. खिलार जोडी दावणीला असणं ही प्रतिष्ठा होती, पण प्रतिष्ठेला दुष्काळात कडबा लागतो.

मग लहान ट्रॅक्टर. इथे जरा यंत्राच्या गोष्टीत शिरावं लागेल, कंटाळू नका.

हलका ट्रॅक्टर नांगरू शकत नाही, अशी कल्पना बरीच वर्षं होती, आणि ती चूक नव्हती. बैलाच्या मागे नांगर बांधतात तसाच साखळीने ट्रॅक्टरमागे बांधला तर फाळ दगडाला अडकताच मागचं चाक रेटत राहतं आणि पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. माणसं मेली आहेत अशी. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी यावर तोड काढली. नांगर तीन ठिकाणी, दोन खाली आणि एक वर, असा ट्रॅक्टरला जोडला आणि त्याची उंची तेलाच्या दाबाने सांभाळली. आता गंमत अशी होते की नांगराची ओढ मागच्या चाकांवर वजन म्हणून पडते. ट्रॅक्टर हलका असला तरी काम करताना जड होतो. १९४६ पासून दहा वर्षांत कॉव्हेंट्रीला त्यांचे पाच लाखांहून अधिक करडे छोटे ट्रॅक्टर बनले. आमच्या गावात ज्याला 'टॉपलिंक' आणि 'लिफ्ट' म्हणतात ती हीच जोडणी.

दुसरा धागा जपानचा. युद्धानंतरच्या जमीन सुधारणांनंतरही तिथे शेतं लहानच राहिली, हेक्टरभराच्या आतबाहेर, आणि कारखानदारांनी यंत्र शेताएवढं केलं. तिथूनच मित्सुबिशीच्या सहकार्याने १९६७ मध्ये बंगळूरला व्हीएसटी कंपनी आली. आधी हाताने धरून चालवायचा पॉवर टिलर, मग साडेअठरा एचपीचा छोटा ट्रॅक्टर. पुढे महिंद्रांनी एकाच सिलिंडरचा १५ एचपीचा काढला, कुबोटा स्वतः आली, २०२१ मध्ये स्वराजने बागांसाठी ११ एचपीचा काढला. आमच्याकडे तासगाव, पलूस, मिरज, खटाव या द्राक्षपट्ट्यांत हे ट्रॅक्टर पाण्यासारखे शिरले. कारण दोन ओळींतलं अंतर आठ ते दहा फूट आणि वर मांडव. तिथे मोठा ट्रॅक्टर शिरला तर एका फेरीत घड आणि तारा दोन्ही घेऊन बाहेर येईल. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' ही जात निवडली, हे सगळ्या द्राक्षवाल्यांना माहीत आहे. त्या बागांना फवारणीचा ब्लोअर ओढणारं चिंचोळं यंत्र हवंच होतं. उसात बाळबांधणी आणि मोठी बांधणी तोच करतो. कारखान्याच्या गव्हाणीकडे बैलगाडीच्या जागी छोट्या ट्रॅक्टरमागची एक ट्रॉली दिसते, तिला लोक 'अंगद' म्हणतात. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण रावणाच्या दरबारात पाय रोवून उभ्या राहिलेल्या वानराचं नाव ओढणाऱ्या गाडीला द्यायचं, याला विनोदबुद्धी लागते.

तर, दीडशे वर्षांनी पहिल्यांदा अवजार पुन्हा लहान रानाच्या मापाचं झालं आणि घरात आलं. आमच्या घरात २०१२ मध्ये आलं. तीन भावांनी पैसे घातले, कर्ज आण्णांच्या नावावर, म्हणून आरसी बुकही आण्णांच्या नावावर. आम्ही तेव्हा नुकतेच निवृत्त झालो होतो. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कशात घालावे यावर आमच्या सहकाऱ्यांची मतं वेगवेगळी होती, ट्रॅक्टर हे त्यातलं एकाचंही मत नव्हतं.

अवजार घरात आलं. पण निगा? लोहार बलुत्यावर नाही, कारखाना पार्सलने काही पाठवत नाही. कंपनीची पहिली दोन-तीन सर्व्हिसिंग संपली की तुम्ही आणि तुमचा मिस्त्री. निगा म्हणजे तरी काय? रोज सकाळी पाच मिनिटं. डिपस्टिक ओढून ऑइल बघायचं. रेडिएटरचं पाणी, फॅनबेल्टचा ताण. बागेत ऑक्टोबर-नोव्हेंबरला धूळ उडते तेव्हा एअर क्लीनर. तेलाचा असेल तर त्याच्या वाटीतलं तेल गाळ धरून पिठल्यासारखं होतं, ते बदलायचं. ग्रीसच्या निपलांना ग्रीस. रोटाव्हेटरची पाती झिजली का. आणि द्राक्षवाल्यांना एक जास्तीचं काम: बोर्डो मिश्रण मारलं की ट्रॅक्टर धुवायचा. मोरचुदाचं पाणी लोखंड खातं. चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला आम्ही त्याच मिश्रणात विळा बुडवतो. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. विळ्याला जे होतं तेच ट्रॅक्टरच्या पत्र्याला आणि नटबोल्टला होतं, फक्त ते आपण मुद्दाम बघत नाही.

यातलं एकही काम अवघड नाही. अवघड एवढंच की ते कुणीतरी एकाने रोज करायला हवं.

आमच्या शेडमध्ये एक वही टांगलेली होती. ज्याने ट्रॅक्टर नेला त्याने निघताना आणि येताना मीटरवरचे तास लिहायचे. त्यावरून डिझेलचा आणि हप्त्याचा हिशोब. ही वही आम्हीच सुरू केली होती आणि आम्हाला तिचा अभिमान होता. तासाचा हिशोब पाच वर्षं पैशापैशाचा जुळला. पण वहीत ऑइलचा रकाना नव्हता. तासांचा मालक ठरलेला होता, ऑइलचा नव्हता.

सहाव्या वर्षी ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे आले, आणि परतीचा पाऊस चार दिवस रेंगाळला. द्राक्षवाल्याला हे दिवस म्हणजे काय ते सांगतो. पानं ओली राहिली की डाऊनी येतो, आणि औषध वेळेवर पडलं नाही तर कोवळे घड दोन दिवसांत काळे पडतात. पहाटे चारला आण्णांनी ब्लोअर जोडला, त्यांची बाग झाली. मग आमची. धाकट्या भावाची शेवटी, कारण त्याची बाग ओढ्याच्या पलीकडे. आमच्या बागेची शेवटची ओळ चालू असताना इंजिनातून खरखर आली, आणि ते जाम झालं. मिस्त्रीने डिपस्टिक काढली. तिच्या टोकाला कसलाही ओलावा नव्हता. कुठल्यातरी सीलमधून ऑइल महिनाभर थेंबथेंब गळत होतं. शेडच्या मातीत त्याचा डाग पडला होता आणि आम्ही तिघेही त्या डागावरून रोज चालत होतो. आण्णांना वाटलं धाकटा बघतो. धाकट्याला वाटलं ज्याच्या नावावर आहे तो बघत असेल. आणि आम्ही तर तत्त्वज्ञान शिकवलेलं.

क्रँक पलूसला लेथवर गेला, बोअर-पिस्टन नवे, अकरा दिवस गेले. आमच्या दोघांच्या बागा वाचल्या. धाकट्याची अर्धी गेली. त्या दिवशी ज्याने ट्रॅक्टरला हातही लावला नव्हता त्याचं नुकसान झालं. तो काही बोलला नाही. आमच्या घरात न बोलणं ही बोलण्याची सर्वांत कठोर पद्धत आहे.

मिलिंदपञ्हातला रथाचा प्रश्न आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवला. नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि तरी रथ आहे, कारण हे सगळं जुळून आलेलं आहे. त्या आठवड्यात पलूसच्या लेथवाल्याकडे ट्रॅक्टर पोत्यावर सुटा मांडलेला बघताना आम्हाला पहिल्यांदा वाटलं की राजाने एक प्रश्न उलटा विचारायला हवा होता. जुळवून ठेवतो कोण? रथ आपोआप जुळून राहत नाही. सारथी पहाटे उठून आसाला वंगण घालतो म्हणून तो रथ राहतो. बौद्ध पंडितांनी आम्हाला क्षमा करावी. ग्रंथाचा तो विषय नाही, पण शेतकऱ्याच्या रथाचा तोच विषय आहे.

त्यानंतर आम्ही व्यवस्था बदलली. आण्णांचा मुलगा ट्रॅक्टर चांगला चालवतो, त्याला यंत्राचा कान आहे. आवाज बदलला की तो जेवण सोडून उठतो. ठरलं असं की ट्रॅक्टर तोच चालवेल, तोच सांभाळेल. बाकी दोघांनी त्याला तासाप्रमाणे पैसे द्यायचे, आणि शिवाय दर हंगामाला, काम झालं असो वा नसो, एक ठराविक रक्कम निगेची. आम्ही मोठ्या समाधानाने घरात समजावून सांगितलं की बघा, हे म्हणजे जुनं बलुतंच. कामाचे पैसे नाहीत, सांभाळण्याचे आहेत. दीडशे वर्षांचा वळसा घालून आपण शहाणपणाला परत आलो.

पोरगा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजी नाना, मालक तुमी तिघं, आन् बलुतेदार मी व्हय?"

आम्हाला उत्तर आलं नाही. मघाशी खळ्यावर कोण कुठे उभं राहतं हे आठवा म्हणालो, ते यासाठी. बलुत्याचा हिशोब आम्ही उचलला, आणि त्यातली पायरीही नकळत उचलली. जो निगा राखतो तो खालचा आणि ज्याच्या नावावर आहे तो वरचा, ही सवय इतकी जुनी आहे की पुतण्याला बलुतेदार म्हणताना आमची जीभ अडखळली नाही, आणि त्याला मालक म्हणायला मात्र आम्हाला पुढची सहा वर्षं सुचलं नाही. त्याने काम केलं, नीट केलं. वहीत त्याने स्वतःहून ऑइलचा रकाना आखला. मीटर आता साडेतीन हजार तासांच्या पुढे आहे आणि इंजिन पुन्हा उघडावं लागलेलं नाही.

आता आण्णा गेले. वारसांत वहिनी, पोरगा आणि दोन लेकी. आरटीओच्या कागदावर नाव एकच लागतं. बाकीच्यांची संमती लागते. धाकट्याचं म्हणणं होतं की ट्रॅक्टर विकून तीन वाटे करावेत, अनुदान मिळालं तर आपापला घ्यावा. हिशोबाने त्याचं बरोबर आहे. पण तीन एकरांच्या बागेला स्वतंत्र ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालणार? उरलेले दिवस तो शेडमध्ये उभा राहून बॅटरी उतरवणार, टायर चिरणार, उंदीर वायर कुरतडणार. गावात असे कितीतरी उभे आहेत. हे सगळं त्याला सांगायचं आमच्या मनात होतं, पण ओढ्यापलीकडची त्याची बाग डोळ्यांपुढे आली आणि आम्ही गप्प बसलो. ज्याचं नुकसान झालं त्याला एकत्र मालकीचे फायदे सांगायला तोंड लागतं.

शेवटी वहिनींनी विषय काढला. त्या म्हणाल्या, नाव पोराचं लावा, आणि तुम्हा दोघांचे जे पैसे त्यात आहेत ते त्याने हप्त्याने द्यावेत. मग तुम्ही त्याच्याकडून ट्रॅक्टर भाड्याने घ्या, गावाच्या दराने, आणि वाफशाला त्याने आधी घरच्या रानात यायचं, एवढी एक अट घाला. धाकटा म्हणाला, त्या अटीत फवारणीही लिहा, आणि पहिली बाग ओढ्यापलीकडची.

पोराने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे. येत्या सोमवारी आम्ही सगळे सांगलीला आरटीओत जातोय. दोन्ही लेकी सह्या करायला कोल्हापूर आणि कऱ्हाडहून येणार आहेत. छाटणी तोंडावर आहे, त्यामुळे काम एका फेरीत व्हावं अशी आशा आहे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, मात्र गिअरबॉक्सबद्दल काही विचारायचं असेल तर पुतण्या मागच्या रांगेत बसलाय.